मातांनी पंथ चालवला, लेकींना कीर्तनाची मनाई का?

गुरू नानकांच्या ५५०व्या जयंतीच्या वर्षी, नोव्हेंबर २०१९मध्ये, पंजाब विधानसभेनं एक ठराव मंजूर केला. अमृतसरच्या दरबार साहिबात, म्हणजे आपण ज्याला सुवर्णमंदिर म्हणतो तिथे, स्त्रियांनाही कीर्तनाची सेवा करू द्यावी, अशी विनंती त्यात अकाल तख्त, म्हणजे शिखांचं सर्वोच्च धर्मपीठ, आणि गुरुद्वाऱ्यांचा कारभार पाहणारी शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती यांना केली होती. ठराव झाला, बातम्या आल्या आणि गोष्ट तिथेच राहिली. आजही पहाटेपासून रात्रीपर्यंत तिथे एकामागून एक रागी जथे, म्हणजे कीर्तनकारांचे गट, गातात, ते सगळे पुरुषांचे. स्त्री तिथे माथा टेकते, परिक्रमेत सेवा करते, लंगरात हजारो माणसांच्या रोट्या लाटते. गावोगावच्या गुरुद्वाऱ्यांत स्त्रियांचे जथे कीर्तन करतात, इस्त्री (म्हणजे स्त्री) सत्संग सभा भरतात. फक्त पंथाच्या सर्वांत पवित्र जागी, गुरू ग्रंथ साहिबच्या शेजारी, रागीच्या जागेवर तिला बसता येत नाही.

धर्मस्थळाच्या कारभारात विधानसभेनं पडू नये, असा आक्षेप कुणी घेतला तर तो मला पटतो. हा निर्णय पंथानंच करायचा आहे. पण पंथानं निर्णय करायचा म्हणजे पंथाच्या स्वतःच्या इतिहासाकडे बघून करायचा, आणि तो इतिहास या मनाईच्या बाजूनं बोलत नाही.

शीख स्त्रियांचा गौरव कमी होतो असं मुळीच नाही. उलट त्यांच्या नावानं गुरुद्वारे आहेत, महाविद्यालयं आहेत, जयंत्या साजऱ्या होतात. अडचण गौरवाच्या पद्धतीत आहे. बेबे नानकी म्हणजे गुरू नानकांची थोरली बहीण, माता खीवी म्हणजे गुरू अंगद यांची पत्नी, बीबी भानी म्हणजे एका गुरूंची मुलगी, दुसऱ्यांची पत्नी आणि तिसऱ्यांची आई, माता गुजरी म्हणजे शहीद साहिबजाद्यांची, गुरू गोविंदसिंगांच्या मुलांची, आजी. नातं सांगून झालं की पुढे वात्सल्य, त्याग, धीर असे शब्द येतात आणि भाषण संपतं. ही सगळी नाती खरी आहेत. पण या स्त्रियांनी केलेलं काम नात्याच्या सावलीत झाकून जातं. त्यांनी पैसा सांभाळला, माणसं नेमली, आज्ञापत्रं काढली, लढाया लढल्या, राज्यं चालवली. आई म्हणून पाया पडताना राज्यकर्ती नजरेआड गेली की मग कीर्तनाचा प्रश्न नाकारणं सोपं होतं.

माता खीवींपासून सुरुवात करू, कारण त्यांच्या कामाची नोंद प्रत्यक्ष गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहे. सत्ता आणि बलवंड या रबाबी, म्हणजे रबाब वाजवून गाणाऱ्या, भाटांनी रचलेल्या रामकली रागातल्या वारेत, म्हणजे पोवाड्यासारख्या काव्यात, गुरू अंगद यांच्या खडूर साहिबच्या लंगरचं वर्णन येतं: ‘लंगरि दउलति वंडीऐ रसु अंम्रितु खीरि घिआली’. लंगरात दौलत वाटली जाते, तुपातली अमृतासारखी खीर वाढली जाते, आणि खीवींची सावली दाट पानांच्या झाडासारखी सर्वांवर आहे. ही वार निव्वळ स्तुती करण्यासाठी रचलेली नाही. नानकांची गादी त्यांच्या मुलांना न मिळता अंगदांकडे गेली, त्या वारसाहक्काच्या वादात ती स्पष्ट बाजू घेते. मुलांनी वचन पाळलं नाही, असं ती उघड म्हणते. जिथे गुरूचे मुलगे नापास ठरतात, त्याच रचनेत एका स्त्रीचं नाव मानानं येतं, आणि येतं ते तिच्या कामामुळे. लंगर ही पंथाची पहिली मोठी सार्वजनिक संस्था. ती रोज चालवणं म्हणजे धान्य, सरपण, पैसा आणि जातीपाती विसरून एका पंगतीत बसणारी माणसं, या सगळ्यांचं व्यवस्थापन.

यापुढची दीडशे वर्षं मी भराभर ओलांडतो, कारण माझ्या मते या विषयाचा गाभा १७०८ नंतरच्या काळात आहे, आणि तोच सर्वांत कमी सांगितला जातो.

त्या वर्षी गुरू गोविंदसिंगांचं नांदेडला देहावसान झालं. देहधारी गुरूंची परंपरा संपली, गुरुपद ग्रंथाकडे गेलं. चारही मुलं आधीच गेलेली. १७१६मध्ये शिखांचे सेनानी बंदा सिंग बहादूर यांना दिल्लीत ठार मारलं गेलं. शिखांवर मोगलांचा वरवंटा फिरत होता आणि आत तत खालसा आणि बंदाला मानणारे बंदई अशी फूट पडलेली. अशा वेळी पंथ कुणाकडे बघत होता? दिल्लीत राहणाऱ्या माता सुंदरींकडे, गुरू गोविंदसिंगांच्या पत्नीकडे. १७४७मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार दशकं, त्यांचा शब्द मानला जात होता. त्या वेगवेगळ्या गावांच्या संगतींना, म्हणजे शीख समुदायांना, हुकूमनामे (आज्ञापत्रं) पाठवत. गुरूंच्या दुसऱ्या पत्नी माता साहिब देवां यांनीही स्वतःच्या नावानं हुकूमनामे काढले. विसाव्या शतकात इतिहासकार गंडा सिंग यांनी गुरूंचे हुकूमनामे जमवून छापले, त्यांत या दोघींचेही आहेत. म्हणजे दंतकथा नव्हे, कागद आहेत. अमृतसरच्या हरिमंदिराची, म्हणजे याच दरबार साहिबची, व्यवस्था लावण्यासाठी भाई मणी सिंग यांना पाठवलं ते माता सुंदरींनी. दोन गटांचा तंटा मिटला तो तिथे गेलेल्या भाई मणी सिंगांच्या हातून. ज्या दरबार साहिबात आज स्त्रीनं गावं की नाही याचा वाद आहे, तिथला ग्रंथी, म्हणजे ग्रंथपाठ करणारा प्रमुख, एकेकाळी एका स्त्रीच्या आज्ञेनं नेमला गेला होता.

आणखी एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. माता सुंदरींनी अजित सिंग नावाचा मुलगा दत्तक घेतला होता. मोठा झाल्यावर तो गुरूच्या थाटात वागू लागला, तेव्हा त्यांनी त्याच्याशी संबंध तोडले. आईपणाच्या गौरवगाथेत हा प्रसंग बसत नाही, म्हणून तो फारसा सांगितला जात नाही. पण देहधारी गुरू आता नाही हे तत्त्व त्या काळात टिकलं, त्यात या निर्णयाचा वाटा आहे. इथे माता सुंदरी आई म्हणून वागल्या नाहीत, पंथाच्या प्रमुख म्हणून वागल्या.

हा इतिहास आपल्याला परका नाही. माता साहिब देवां गुरूंबरोबर नांदेडपर्यंत आल्या होत्या. नांदेडजवळ त्यांच्या नावाचा गुरुद्वारा आहे. मुक्तसरच्या लढाईत, गुरूंना सोडून गेलेल्या चाळीस शिखांना परत रणात आणणाऱ्या माई भागो त्या लढाईतून वाचल्या, गुरूंच्या सोबत गोदावरीकाठी आल्या आणि पुढे बिदरजवळ जनवाड्याला त्यांनी अखेरचे दिवस काढले. नांदेडच्या तख्त हजूर साहिबच्या आवारात माई भागोंचा बुंगा, म्हणजे निवासस्थान, आहे. नांदेडला जाणारे मराठी लोक तख्ताचं दर्शन घेऊन परततात. त्यांनी तिथेही थांबावं असं मला मनापासून वाटतं.

अठराव्या शतकाच्या शेवटी तर एका शीख स्त्रीची गाठ थेट मराठ्यांशीच पडली. पतियाळाचा राजा साहिब सिंग दुबळा निघाला, म्हणून त्याची बहीण बीबी साहिब कौर १७९३मध्ये राज्याची मुख्य प्रधान झाली. पुढच्याच वर्षी, महादजी शिंदे वारले त्याच १७९४ साली, मराठी फौज पतियाळाच्या मुलखात खंडणीसाठी उतरली. अंबाल्याजवळ मर्दानपूरला लढाई झाली. पतियाळाची फौज संख्येनं कमी होती, मागे फिरण्याच्या बेतात होती. साहिब कौर रथातून उतरल्या, तलवार उपसून उभ्या राहिल्या आणि सैन्याला म्हणाल्या की मी इथून हलणार नाही, असं पंजाबात सांगतात. नंतर त्यांनी अचानक छापा घातला आणि मराठी फौज कर्नालकडे मागे गेली. उत्तरेतल्या मोहिमांवर आपल्याकडे इतकं लिहिलं गेलं, पण मर्दानपूरचं नाव किती मराठी वाचकांनी ऐकलं असेल? पराभव छोटा होता म्हणून विसरला गेला असेल. पण ज्यांनी तो केला त्यांचं नाव तरी आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत असायला हवं. ताराबाई आणि अहिल्याबाई यांच्यावर वाढलेल्या समाजाला साहिब कौर समजायला वेळ लागू नये.

साहिब कौर यांचा शेवट मात्र वाईट झाला. ज्या भावाचं राज्य वाचवलं त्यानंच कान भरले गेल्यावर त्यांना कैदेत टाकलं, आणि तरुण वयातच त्या गेल्या. कन्हैया मिसलीच्या, म्हणजे एका शीख लढाऊ संघाच्या, प्रमुख सदा कौर यांचंही तेच. पती लढाईत मारला गेल्यावर त्यांनी मिसल हातात घेतली, जावई रणजित सिंगला उभं केलं, १७९९मध्ये लाहोर घेताना त्या फौजेसह त्याच्या बरोबर होत्या. पुढे त्याच महाराजा रणजित सिंगांनी त्यांना कैद केलं, त्यांचा मुलूख खालसा केला, आणि १८३२मध्ये त्या कैदेतच वारल्या. गरज असेपर्यंत स्त्रीच्या हाती सत्ता, गरज संपली की काढून घ्यायची, हे तेव्हा दोनदा घडलं. महाराजांच्या कर्तृत्वाचा आदर ठेवूनही हे म्हणायलाच हवं.

आणि मग रणजित सिंगांची राणी जिंदां. महाराजांच्या मागे वारस एकामागून एक मारले गेले, तेव्हा १८४३मध्ये पाच वर्षांचा दलीप सिंग गादीवर आला आणि आई कारभार पाहू लागली. पडदा सोडून त्या दरबारात बसल्या, सैन्याच्या पंचायतींशी बोलल्या. पहिल्या इंग्रज-शीख युद्धानंतर डिसेंबर १८४६च्या भैरोवालच्या तहानं त्यांना कारभारातून दूर केलं गेलं. पुढच्या ऑगस्टमध्ये मुलापासून तोडून शेखूपुऱ्याला ठेवलं, नंतर पंजाबाबाहेर काढून चुनारच्या किल्ल्यात. १८४९मध्ये त्या तिथून वेष पालटून निसटल्या आणि नेपाळात पोहोचल्या. इंग्रजांनी त्यांना ‘पंजाबची मेसालिना’ म्हणून बदनाम केलं. रोमच्या एका स्वैर सम्राज्ञीचं नाव चिकटवलं की राजकारणावर बोलण्याची गरज उरत नव्हती. ही बदनामी इतिहासाच्या पुस्तकांतून पुढे अनेक वर्षं तशीच उचलली गेली.

त्यांच्या कारभारावर टीका होऊ शकते. सैन्याला सतलजपार पाठवण्यात त्यांचा हेतू काय होता, लाल सिंग आणि तेज सिंग या सेनापतींसारख्या फितुरांवर त्यांनी भरवसा का ठेवला, यावर इतिहासकारांनी जरूर भांडावं. राज्यकर्त्या पुरुषाचं मूल्यमापन असंच होतं. जिंदांच्या वाट्याला ते आलं नाही. आधी चारित्र्यावर शिंतोडे आले, नंतर दुःखी आईचं चित्र आलं.

मुलाची भेट झाली ती थेट १८६१मध्ये, कलकत्त्यात. १ ऑगस्ट १८६३ला लंडनमध्ये त्यांचा मृत्यू झाला. दलीप सिंग आईचा देह घेऊन भारतात आले, पण इंग्रजांनी पंजाबात जाऊ दिलं नाही. म्हणून पंजाबच्या शेवटच्या राज्यकर्त्या राणीची समाधी नाशिकला, गोदावरीच्या काठी उभी राहिली. १९२४मध्ये नात बांबा यांनी अस्थी लाहोरला नेऊन रणजित सिंगांच्या समाधीशेजारी ठेवल्या. साठ वर्षं त्या आपल्याकडे होत्या. नाशिक महापालिकेनं गोदाकाठी एक साधा फलक लावला तरी फार मोठं काम होईल. दुसरी नात सोफिया इंग्लंडमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी रस्त्यावर उतरली आणि मत नाही तर करही नाही, असं सांगत कर भरायला तिनं नकार दिला. आजीला राज्य करू न देणाऱ्या देशात नातीनं मताचा हक्क मागितला.

आता मनाईच्या बाजूचे मुद्दे घेतो. सर्वांत मोठा मुद्दा मर्यादेचा, म्हणजे परंपरेचा: दरबार साहिबात स्त्रियांनी कधी कीर्तन केलं नाही, म्हणून आताही करू नये. पण तिथली परंपरा अखंड एकसारखी राहिलेली नाही. गुरू नानकांबरोबर रबाब वाजवणारे भाई मर्दाना मुसलमान होते, आणि रबाबींचा हा वारसा फाळणीपर्यंत चालू होता. १९४७च्या आधी मुसलमान रबाबी दरबार साहिबात गात असत. फाळणीत ते पाकिस्तानात गेले आणि ती शतकांची परंपरा तुटली. म्हणजे तिथे कोण गाणार हे काळाबरोबर बदलत आलं आहे. आज ज्याला सनातन मर्यादा म्हणतात, त्यातला बराच भाग विसाव्या शतकातला आहे.

लिखित मर्यादा काय सांगते? विसाव्या शतकात पंथानं विचारविनिमय करून ‘सिख रहित मर्यादा’ ही आचारसंहिता तयार केली. संगतीत कीर्तन फक्त शिखानंच करावं, असं ती म्हणते. पुरुषानंच करावं, असं म्हणत नाही. अमृत, म्हणजे खालशाची दीक्षा, देणाऱ्यांमध्ये स्त्रियाही असू शकतात, असं ती स्पष्ट लिहिते. शीख स्त्रीनं पडदा घेऊ नये, असंही सांगते. अमृत द्यायला पात्र असलेली व्यक्ती शबद, म्हणजे गुरू ग्रंथातलं पद, गायला अपात्र कशी, याचं उत्तर मला आजवर कुठे मिळालेलं नाही.

विटाळाचा मुद्दा उघडपणे फारसा कुणी मांडत नाही, पण मनात तो असतो. आपल्याकडे शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर २०१६पर्यंत तोच होता, म्हणून तो ओळखायला आपल्याला वेळ लागत नाही. शीख धर्मात तर त्याला जागाच नाही. ‘आसा दी वार’मध्ये गुरू नानक म्हणतात की सुतक मानायचं तर सगळीकडेच मानावं लागेल, शेणात आणि लाकडातही किडे जन्मतात. अंग धुऊन बसणारे पवित्र नव्हेत, ज्यांच्या मनात तो वसतो तेच पवित्र. आणि तिथेच ती प्रसिद्ध ओळ आहे: ‘सो किउ मंदा आखीऐ जितु जंमहि राजान’, जिच्या पोटी राजे जन्मतात तिला वाईट का म्हणावं? ही वार दरबार साहिबात रोज पहाटे गायली जाते. रोज पहाटे, त्याच जागी, फक्त पुरुषांच्या आवाजात. गुरुबाणीत साधक अनेकदा स्वतःला वधू समजून प्रियतमाला हाक मारतो. ती विरहिणी तिथे पुरुष रागी गातो, आणि खऱ्या स्त्रीला ती तिथे गाता येत नाही.

एक गोष्ट मान्य करायलाच हवी. गुरू ग्रंथ साहिबमध्ये एकाही स्त्रीची रचना नाही. आपल्या नामदेवांची ६१ पदं तिथे आहेत, त्रिलोचनांची आहेत, पण नामदेवांच्याच घरच्या जनाबाईंचं एकही नाही. ही उणीव झाकून समतेचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. ग्रंथ तर आता बदलणार नाही आणि बदलूही नये. म्हणूनच तो गाणाऱ्यांत स्त्रियांचा आवाज असणं जास्त गरजेचं आहे.

असे प्रश्न पंथानं याआधी सोडवलेले आहेत. १२ ऑक्टोबर १९२०ला दलित शीख कडाह प्रसाद (शिऱ्याचा प्रसाद) घेऊन दरबार साहिबात आले. पुजाऱ्यांनी त्यांचा प्रसाद स्वीकारायला, त्यांच्यासाठी अरदास, म्हणजे प्रार्थना, करायला नकार दिला. वाद वाढला तेव्हा ठरलं की गुरू ग्रंथ साहिब उघडावा आणि जो हुकूम येईल तो मानावा. जो शबद आला, त्यात गुणहीनांनाही तो स्वतः क्षमा करून सद्गुरूच्या सेवेला लावतो, असं म्हटलेलं होतं. प्रसाद स्वीकारला गेला. त्यानंतर अकाल तख्तही पुजाऱ्यांच्या ताब्यातून सुटलं आणि सुमारे महिनाभरात शिरोमणी समिती स्थापन झाली. पाच वर्षांनी, १९२५च्या गुरुद्वारा कायद्यानं शीख स्त्रियांना गुरुद्वारा निवडणुकीत मत दिलं. ब्रिटनच्या स्त्रियांना पुरुषांइतका मताधिकार मिळायला त्यानंतर आणखी तीन वर्षं लागली. आज समितीत स्त्रियांसाठी राखीव जागा आहेत. १९९९मध्ये बीबी जागीर कौर समितीच्या अध्यक्ष झाल्या. दरबार साहिबातल्या रागींची व्यवस्था पाहणाऱ्या समितीच्या सर्वोच्च पदी स्त्री बसू शकते, रागीच्या आसनावर मात्र बसू शकत नाही.

प्रशिक्षित स्त्रिया नाहीत, असंही म्हणता येणार नाही. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात गुरमत संगीताचा, म्हणजे शीख भक्तिसंगीताचा, स्वतंत्र विभाग आहे, देशात आणि परदेशात शास्त्रोक्त रागांत शबद गाणाऱ्या स्त्रिया आहेत. दरबार साहिबात दिवसभरात ठरलेल्या वेळी कीर्तनाच्या चौक्या, म्हणजे बैठका, होतात. अकाल तख्तानं प्रबंधक समितीशी आणि स्त्रियांच्या जथ्यांशी बोलून एका चौकीपासून सुरुवात करावी. आवाज, राग, वाणीचं पाठांतर, रहित पाळणं, या सगळ्या कसोट्या पुरुषांना लावता त्याच स्त्रियांना लावाव्यात, तसूभरही कमी नकोत. आणि ज्यांना वाटतं की यानं परंपरेला धक्का लागेल, त्यांनी आधी माता सुंदरींचे हुकूमनामे वाचावेत आणि मग संगतीसमोर आपलं कारण सांगावं.